कागदावरची नदी

मुलांना अंकगणित आणि भूगोल शिकविण्यांत ज्याचें सारें आयुष्य गेलें, अशा एका निवृत्त शाळामास्तरास आज नद्यांविषयीं दोन शब्द बोलण्यास सांगण्यांत आलें आहे. मी मॅट्रिकच्या पुढें गेलेला नाहीं. तेव्हां माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा कोणीं करूं नये. परंतु 'सरासरी काढा' हें वाक्य मीं फळ्यावर इतक्या वेळां लिहिलें आहे कीं, त्या एका बाबतींत मला बोलण्याचा थोडासा अधिकार आहे असें वाटतें. आणि आजची हकीकत ही मुळांत एका सरासरीचीच हकीकत आहे.

आमच्या शाळेच्या आवारांत एक पर्जन्यमापक होता, आणि दर सालच्या पावसाचा आंकडा व्हरांड्यांतील मोठ्या फळ्यावर रंगानें लिहून ठेवण्याचा प्रघात होता. एकदां मीं सातवीच्या वर्गाला त्या फळ्यावरून दहा वर्षांच्या पावसाची सरासरी काढावयास सांगितलें. सर्व मुलांनीं वरून सुरुवात करून पहिलीं दहा वर्षें घेतलीं. एकानें मात्र शेवटचीं दहा घेतलीं. त्याचें उत्तर इतरांहून बरेंच कमी आलें, आणि मीं त्याच्या वहींत लाल फुली मारली. त्या बिचाऱ्यानें बेरीज आणि भागाकार पुन्हां करून दाखविला. मीं म्हणालों, "चाळीस जणांचें उत्तर एक आणि तुझें एकट्याचें निराळें, तेव्हां चूक कोणाची?" कोलोरॅडो नदीचा इतिहास मला त्या वेळीं ठाऊक असता तर माझा हात आंखडला असता.

कोलोरॅडो ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नदी. रॉकी पर्वतांत बर्फाच्या ओहोळांतून उगम पावून सुमारें २,३०० किलोमीटर नैर्ऋत्येकडे वाहत ती मेक्सिको देशांत शिरते व कॅलिफोर्नियाच्या आखातास मिळते. 'मिळते' म्हणण्यापेक्षां 'मिळत असे' म्हणणें अधिक खरें. कारण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिचें पाणी समुद्रापर्यंत क्वचितच पोंचलें आहे. ग्रँड कॅन्यन नांवाची जगप्रसिद्ध घळ तिनेंच कोरली. तिचें खोरें सहा लक्ष चौरस किलोमीटरांहून मोठें, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीइतकें आहे. परंतु विस्तारावरून पाण्याचा अंदाज बांधूं नये. चांगल्या दिवसांतहि तिच्या वरच्या खोऱ्यांतून वर्षाकांठीं येणारें पाणी आपल्या कृष्णेच्या तिसऱ्या हिश्शाहून कमीच भरेल. खोऱ्याचा बहुतेक भाग रूक्ष आहे. पाणी येतें तें मुख्यतः उंच डोंगरांवर हिवाळ्यांत सांचणाऱ्या बर्फाचें. एवढ्याशा पाण्यावर सुमारें चार कोटी माणसांचा निर्वाह आणि पन्नास लक्ष एकरांहून अधिक भूमीचें सिंचन चालतें. लॉस एंजल्स, लास व्हेगस, फीनिक्स, डेन्व्हर हीं नगरें थोड्याफार प्रमाणांत याच नदीवर पोसलीं आहेत.

या नदीचा खरा शोध घेतला तो जॉन वेस्ली पॉवेल या गृहस्थानें. यादवी युद्धांत त्याचा उजवा हात गेला होता. अशा स्थितींत १८६९ सालीं नऊ सोबती आणि चार होड्या घेऊन तो त्या घळींतून खालीं उतरला. पण माझ्या दृष्टीनें त्याचें मोठेपण त्या साहसांत नाहीं. पुढें भूगर्भ-संशोधन खात्याचा प्रमुख झाल्यावर, 'जें मोजलें नाहीं तें वांटूं नये' या बुद्धीनें त्यानें नद्या मोजण्याचें काम हातीं घेतलें. १८८९ सालीं न्यू मेक्सिकोंतील एंबुडो या ठिकाणीं, रिओ ग्रांदे नदीच्या कांठीं, त्या देशाच्या सरकारचें पहिलें प्रवाहमापन केंद्र उभें राहिलें. १८९३ सालीं लॉस एंजल्स येथें सिंचन-परिषद भरली. पश्चिमेच्या वाळवंटाचें नंदनवन करण्याच्या उत्साहानें मंडळी भारलेली होती. पॉवेलनें उभें राहून सांगितलें कीं, एवढी जमीन भिजविण्यास पुरेल इतकें पाणीच या प्रदेशांत नाहीं, आणि तुम्ही पुढच्या पिढ्यांसाठीं भांडणें व कज्जे सांठवीत आहांत. सभेनें त्याची हुर्यो उडविली.

पुढें तीस वर्षांनीं त्या भांडणांना आरंभ झाला. नदीचें खोरें सात राज्यांत पसरलेलें आहे. वायोमिंग, कोलोरॅडो, यूटा आणि न्यू मेक्सिको हीं वरचीं. नेव्हाडा, ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया हीं खालचीं. पाणी वरच्यांच्या डोंगरांत उत्पन्न होतें, आणि वस्ती व शेती झपाट्यानें वाढली ती खालीं, कॅलिफोर्नियांत. वरच्यांना धास्ती पडली कीं, आपण जागे होईपर्यंत खालचे सर्व पाण्यावर वहिवाट सांगतील. तेव्हां सातहि राज्यांचे प्रतिनिधि एकत्र बसले. अध्यक्षस्थानीं होते हर्बर्ट हूव्हर, जे पुढें त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. २४ नोव्हेंबर १९२२ रोजीं सांता फे येथें करारावर सह्या झाल्या.

तो करार असा. वाटणीची रेषा लीज फेरी या जागेजवळ धरावी. वरच्या खोऱ्यानें वर्षाला ७५ लक्ष एकर-फूट पाणी वापरावें, खालच्या खोऱ्यानें तितकेंच. एक एकर जमिनीवर एक फूट पाणी उभें केलें तर जें भरेल तें एक एकर-फूट, म्हणजे सुमारें बारा लक्ष लिटर. शिवाय वरच्या राज्यांनीं असें वचन दिलें कीं, लागोपाठच्या कोणत्याहि दहा वर्षांत लीज फेरीवरून खालीं जाणारा प्रवाह एकंदर साडेसात कोटी एकर-फुटांच्या खालीं आमच्याकडून घटविला जाणार नाहीं. हे शेवटचे शब्द, 'आमच्याकडून घटविला', श्रोत्यांनीं कृपा करून लक्षांत ठेवावे. त्यांच्याकडे मला पुन्हां यावयाचें आहे. पुढें १९४४ च्या तहान्वयें मेक्सिकोस १५ लक्ष देण्याचें ठरलें. बेरीज करा: ७५, ७५ आणि १५. एक कोटी पासष्ट लक्ष.

आतां प्रश्न असा कीं, इतकें पाणी नदींत होतें काय? करार करणाऱ्यांपुढें जे हिशेब होते, त्यांत नदीची वार्षिक सरासरी एक कोटी साठ लक्ष एकर-फुटांहून अधिक धरलेली होती. मंडळींना तर ही वाटणी करूनहि कांहीं शिल्लक राहील अशी खात्री होती. पण तो आंकडा आला कोठून? लीज फेरीचें मापनकेंद्र १९२१ सालीं सुरू झालें, म्हणजे करारापूर्वीं अवघें एक वर्ष. बाकीचा हिशेब खालच्या व वरच्या इतर ठिकाणांच्या वीस-बावीस वर्षांच्या नोंदींवरून जुळविलेला. आणि तीं वीस-बावीस वर्षें कशीं होतीं हें पुढें झाडांनीं सांगितलें, तें सांगण्यापूर्वीं एका माणसाचें नांव घेणें अवश्य आहे.

यूजीन क्लाइड ला रू हा भूगर्भ-संशोधन खात्यांतील जलतज्ज्ञ. १९१६ सालीं त्यानें कोलोरॅडोवर एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला, आणि खोऱ्यांतील भिजण्याजोगी सर्व जमीन भिजवावयास या नदीचें पाणी पुरणार नाहीं असें त्यांत स्वच्छ लिहिलें. नोंदी थोड्या वर्षांच्या आहेत म्हणून तो स्वस्थ बसला नाहीं. यूटामधील ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवराची पातळी पूर्वीं कशी चढत-उतरत गेली याची माहिती त्यानें जमविली, आणि सरोवर उतरतें त्या वर्षीं नदीहि उणी असणार या तर्कानें नोंदींच्या पलीकडच्या काळाचा अंदाज बांधला. त्या अंदाजांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील लांबलचक कोरडे काळ दिसून आले. म्हणजे फळ्यावरचीं निराळीं दहा वर्षें त्यानें घेतलीं! वाटाघाटीच्या मंडळांत मात्र ला रूला स्थान मिळालें नाहीं. १९२५ सालीं त्यानें पुन्हां तेंच मांडलें. १९२८ सालीं सायबर्ट यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञमंडळानेंहि प्रवाह अधिक धरला गेल्याचें अमेरिकन काँग्रेसला कळविलें. पण तोंवर धरणाचें स्वप्न पुष्कळ पुढें गेलें होतें. त्याच वर्षीं धरणाचा कायदा झाला, आणि १९३५-३६ च्या सुमारास हूव्हर धरण पुरें झालें. त्याच्या मागें जें मीड सरोवर उभें राहिलें तें अमेरिकेंतील सर्वांत मोठा कृत्रिम जलाशय होय. अज्ञानामुळें चूक झाली असें या प्रकरणीं सर्रास म्हटलें जातें. मला तें पटत नाहीं. ज्ञान टेबलाच्या दुसऱ्या बाजूस उभें होतें. त्याला बसावयास खुर्ची दिली गेली नाहीं, इतकेंच.

येथें क्षणभर आपल्या घरीं येतों, कारण कृष्णेच्या बाबतींत हाच प्रश्न आपल्याकडेहि उपस्थित झाला होता. कृष्णेच्या पाण्यावर महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांचा वाद झाला, आणि न्यायमूर्ति बच्छावत यांच्या लवादानें १९७० नंतरच्या दशकांत त्याचा निवाडा केला. लवादानें सरासरी घेतलीच नाहीं. विजयवाडा येथील बंधाऱ्याच्या आधारें १८९४-९५ पासून १९७१-७२ पर्यंतच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या प्रवाहाची मालिका घेतली, आणि शंभरांतील पंचाहत्तर वर्षीं खात्रीनें मिळेल एवढेंच पाणी वांटावयास काढलें. तें २,०६० अब्ज घनफूट भरलें. त्यांतून महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० आणि आंध्रास ८०० मिळालें. सांता फे येथील मंडळींपेक्षां ही रीत निःसंशय शहाणपणाची होती. तरी पुढें दुसरा लवाद बसला. त्यानें १९६१-६२ पासूनचीं सत्तेचाळीस वर्षें घेतलीं, आणि २०१० सालच्या निवाड्यांत त्याच पंचाहत्तर टक्के खात्रीचें पाणी २,१७३ अब्ज घनफूट निघालें. गणित दोघांचेंहि बरोबर. वर्षें निराळीं. मीं लाल फुली मारलेली वही आठवते ती अशा वेळीं.

आतां झाडांची साक्ष. ॲरिझोनांत अँड्र्यू एलिकॉट डग्लस नांवाचा एक खगोलशास्त्रज्ञ होता. सूर्यावरील डागांचें चक्र हवामानांत उमटतें कीं काय हें पाहण्यासाठीं त्यानें जुन्या झाडांच्या बुंध्यांतील वर्षागणिक पडणारीं वलयें मोजण्यास आरंभ केला. रूक्ष प्रदेशांत पाण्याच्या वर्षीं वलय रुंद पडतें, दुष्काळी वर्षीं अरुंद. सूर्याचें कोडें बाजूस राहिलें आणि एक नवेंच शास्त्र जन्मास आलें. झाड तोडावें लागत नाहीं. बारीक पोकळ गिरमिटानें पेन्सिलीएवढी कांडी काढली कीं शेंकडों वर्षांचा रोजमेळ हातीं येतो. १९७६ सालीं चार्ल्स स्टॉक्टन आणि गॉर्डन जेकोबी यांनीं वरच्या खोऱ्यांतील अशा वलयांवरून कोलोरॅडोचा चारशेंहून अधिक वर्षांचा प्रवाह अजमावला. त्यांची दीर्घकालीन सरासरी निघाली सुमारें एक कोटी पस्तीस लक्ष. आणि विसाव्या शतकाचीं पहिलीं वीस-पंचवीस वर्षें, ज्यांवर करार उभा होता, तीं त्या साऱ्या काळांतील सर्वांत ओल्या वर्षांपैकीं ठरलीं. पुढें इतरांनीं अधिक झाडें घेऊन तो आंकडा थोडा वाढविला, पण करारकर्त्यांच्या आंकड्यापर्यंत तो पुन्हां पोंचला नाहीं. २००७ सालीं तर आठव्या शतकापर्यंत मागें जाणारी मालिका प्रसिद्ध झाली. तींत बाराव्या शतकाच्या मध्यास पंचवीस वर्षांचा असा एक काळ दिसला कीं, त्याचा सरासरी प्रवाह विसाव्या शतकाच्या मानानें शेंकडा चौऱ्याऐंशींच्याहि खालीं होता. इकडे कल्याणीस चालुक्यांची सत्ता ढासळत होती त्या सुमाराची ही गोष्ट. त्या दुष्काळाला मनुष्याच्या धुराड्यांनीं कांहीं केलेलें नव्हतें. नदी स्वभावतःच तशी आहे.

येथवर आपण भूतकाळाविषयीं बोललों. वर्षें अधिक घ्या, म्हणजे सरासरी अधिक खरी होईल, असा आतांपर्यंतचा धडा. परंतु या धड्याच्या पोटांत एक गृहीत दडलेलें आहे: काल जशी नदी होती तशीच ती उद्यां राहील. पृथ्वीचें उष्णमानच वाढत चाललें असेल तर तें गृहीत टिकत नाहीं, आणि मग कितीहि जुनीं झाडें पाहिलीं तरी त्यांतून उद्यांचा आंकडा निघत नाहीं. तो काढण्यासाठीं शास्त्रज्ञांनीं जें साधन तयार केलें त्यास ते 'मॉडेल' म्हणतात. आपण प्रतिमान म्हणूं.

नांवानें भिऊन जाऊं नये. प्रतिमान म्हणजे पाण्याच्या जमाखर्चाची वही. १६७४ सालीं पिएर पेरो या फ्रेंच गृहस्थानें सेन नदीच्या उगमाकडील मुलखावर पडणाऱ्या पावसाचा आणि तेथून वाहणाऱ्या पाण्याचा हिशेब मांडून दाखविला कीं, पाऊस हा नदीच्या सहापट आहे. नदीला भूगर्भांतील गूढ समुद्राची गरज नाहीं. वहीचें पहिलें पान तें. आजच्या वहींत सारें खोरें चौकटींत विभागतात. प्रत्येक चौकटींत जमेस पाऊस आणि बर्फ. खर्चास ऊन-वाऱ्यानें उडणारी वाफ आणि झाडांच्या पानांवाटें जाणारी वाफ. मातींत मुरतें ती शिल्लक. उरलें तें ओढ्यांतून नदीस. हा हिशेब दिवसागणिक, कधीं तासागणिक, मांडावयाचा. तो हातानें होणें नाहीं. १९६६ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत क्रॉफर्ड आणि लिन्सले यांनीं गणकयंत्रावर चालणारी अशी एक वही पूर्णत्वास नेली, आणि तेव्हांपासून तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. ती खरी कीं खोटी हें पाहण्याची रीत मला फार आवडते, कारण ती परीक्षकाची रीत आहे: कांहीं वर्षांच्या नोंदी देऊन प्रतिमान जुळवावयाचें, आणि मग त्यानें पूर्वीं न पाहिलेलीं वर्षें त्याच्यापुढें टाकावयाचीं. पाठ केलेलें उत्तर तेथें उपयोगीं पडत नाहीं.

या वहीस दुसरी एक वही जोडावी लागते, ती वातावरणाची. कोळसा जाळल्यानें हवेंत वाढणाऱ्या कर्बवायूमुळें पृथ्वी किती तापेल याचा हिशेब स्वीडनच्या अर्‍हेनियसनें १८९६ सालीं हातानेंच केला होता. १९६७ सालीं मूळचे जपानचे स्यूकुरो मानाबे यांनीं वेदरल्ड यांच्यासह तो यंत्रावर नीट मांडला. मानाबे यांना २०२१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ही दुसरी वही सांगते हवा किती तापेल व पाऊस किती पडेल. पहिली सांगते त्यांतून नदीस काय मिळेल.

कोलोरॅडोसाठीं असा हिशेब अगदीं साध्या रीतीनें प्रथम ज्यांनीं मांडला, त्यांत रॉजर रेव्हेल आणि पॉल वॅगोनर यांची गणना होते. वॉल्टर लँगबीन व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९४९ सालीं अमेरिकेंतील नद्यांवरून उष्णमान, पाऊस आणि प्रवाह यांचा जो संबंध बसविला होता, तो त्यांनीं घेतला. उष्णमान दोन अंशांनीं वाढलें आणि पाऊस एक-दशांशानें घटला, तर नदी सुमारें शेंकडा चाळीसांनीं आटेल असें त्यांचें उत्तर आलें. हें प्रसिद्ध झालें १९८३ सालीं. आतां दैवाचा विनोद पाहा. त्याच वर्षीं उन्हाळ्यांत कोलोरॅडोस असा पूर आला कीं, १९६३ पासून पाणी अडवूं लागलेलें वरचें ग्लेन कॅन्यन धरण तुडुंब भरलें, त्याच्या सांडव्याच्या बोगद्यांचे कांठ पाण्यानें फोडून काढले, आणि दरवाज्यांवर प्लायवुडच्या फळ्या उभ्या करून पाणी थोपवावें लागलें. ज्या नदीच्या कांठीं लोक फळ्या ठोकीत होते, ती आटणार असें सांगणाऱ्या कागदाकडे कोणाचें लक्ष जावें?

आणखी एक अडचण होती, आणि ती लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. प्रतिमानांचें एकमेकांशीं पटेना. १९९० नंतर नॅश आणि ग्लाइक यांनीं अधिक तपशिलाचें प्रतिमान घेतलें, तर केवळ दोन अंश उष्णता वाढल्यास घट शेंकडा चार ते बारा येई. २००७ च्या सुमारास एका अभ्यासांत शतकाच्या मध्यास शेंकडा पंचेचाळीस घट, तर दुसऱ्यांत शेंकडा सहाच्या आसपास. पाणीवाटपाच्या कचेरींत बसलेल्या माणसानें यांतून काय घ्यावें? मतभेदाचें कारण शोधण्यासाठीं पुढें कांहीं शास्त्रज्ञ एकत्र आले, आणि २०१४ सालीं त्यांनीं जें लिहिलें त्यांतील एक कारण कोणत्याहि भूगोलशिक्षकास पटेल. आम्ही मुलांकडून कागदाच्या लगद्याचा उठावाचा नकाशा करून घेत असूं. नकाशा लहान असला कीं कळसूबाईचें शिखर बोटाच्या एका दाबानें सपाट होई. प्रतिमानाच्या चौकटी मोठ्या असल्या म्हणजे रॉकी पर्वताचें तसेंच होतें. शिखर बसकें झालें कीं तेथील थंडी कमी, थंडी कमी म्हणजे बर्फाचा पाऊस झाला, आणि ज्या बर्फावर नदी जगते तेंच वहींतून गळालें. चौकटी लहान केल्या कीं उत्तरें एकमेकांच्या जवळ येऊं लागतात. आणि एका गोष्टींत मात्र या उष्णतेच्या हिशेबांत मतभेद नव्हता: पाऊस तितकाच राहून केवळ उष्णता वाढली तर नदी घटते. किती, याविषयीं वाद. घटते याविषयीं नाहीं.

इतक्यांत नदीनेंच उत्तर देण्यास आरंभ केला. १९०६ पासून शतकाच्या अखेरपर्यंत जिची सरासरी दीड कोटीच्या आसपास होती, तिची २००० नंतरच्या वीस वर्षांची सरासरी सव्वा कोटीच्या आसपास आली. २००८ सालीं 'सायन्स' या साप्ताहिकांत सात तज्ज्ञांचा एक लेख आला. प्रवाह जुन्याच मर्यादांत चढतो-उतरतो ही कल्पना मरण पावली आहे, असें त्याच्या मथळ्यांतच जाहीर केलेलें होतें. २०१७ सालीं उडॉल आणि ओव्हरपेक यांनीं दाखविलें कीं, २००० ते २०१४ या काळांत प्रवाह आधींच्या शतकाहून शेंकडा एकोणीस कमी होता, आणि त्यांतील सुमारें तिसरा हिस्सा पावसाच्या उणिवेनें नव्हे तर उष्णतेनें खाल्ला. २०२० सालीं मिली आणि डन यांनीं या खाण्याची रीत उलगडली. पांढरें बर्फ सूर्यप्रकाश परतवितें. बर्फ लौकर वितळलें कीं खालची काळी जमीन उघडी पडते, ती ऊन पिते, आणि त्या उन्हानें जमिनीचें व झाडांचें पाणी वाफ होऊन जातें. बर्फ हें नदीचें नुसतें कोठार नव्हे, छत्रीहि आहे. त्यांच्या हिशेबानें दर एका अंशाच्या वाढीमागें नदी सुमारें शेंकडा नऊनें घटते.

ऑगस्ट २०२१ मध्यें अमेरिकेच्या केंद्र सरकारनें या नदीवर इतिहासांत प्रथमच तुटवडा जाहीर केला, आणि पुढील वर्षासाठीं ॲरिझोना, नेव्हाडा व मेक्सिको यांच्या हिश्शांत कपात झाली. ॲरिझोनांतील शेतकऱ्यांना कांहीं शेतें पडीक टाकावीं लागलीं. जुलै २०२२ मध्यें मीड सरोवर, तें १९३७ सालीं भरल्यापासून कधीं नव्हे इतकें खालीं गेलें. त्यांत क्षमतेच्या चौथ्या हिश्शाहून थोडेंच अधिक पाणी उरलें होतें.

आतां ते दोन शब्द, 'आमच्याकडून घटविला', यांकडे वळूं. दहा वर्षांत साडेसात कोटी एकर-फुटांच्या खालीं प्रवाह गेला तर खालचीं राज्यें म्हणणार, वचन मोडलें, तुमचीं शेतें व नळ बंद करा आणि आमचें पाणी सोडा. वरचीं राज्यें म्हणणार, आम्ही आमच्या वांट्याचे ७५ लक्षहि कधीं पुरते वापरले नाहींत; प्रवाह घटविला तो आम्ही नव्हे, उन्हानें. करारांत उन्हाचें नांव नाहीं. १९२२ च्या मंडळींच्या मनांत वरच्याची लबाडी आली, खालच्याची हांव आली. आकाश हा तिसरा पक्ष होऊं शकेल हें कोणाच्या मनांत आलें नाहीं. म्हणून घटीपैकीं किती पावसाची, किती उष्णतेची आणि किती माणसाच्या उपशाची हें वेगळें करून सांगणारीं प्रतिमानें, जीं काल-परवांपर्यंत विद्यापीठांतील जिज्ञासा होतीं, तीं आज वकिलांच्या टेबलावर येऊन पडलीं आहेत. तुटवड्यांत कोणीं किती सोसावें याचे २००७ सालीं केलेले नियम २०२६ च्या अखेरपर्यंतच्या मुदतीचे होते, आणि त्यांच्या जागीं काय यावें यावर सातहि राज्यांची रस्सीखेंच त्या मुदतीच्या कितीतरी आधीं सुरू झाली.

ज्या लीज फेरीवर करारापूर्वीं एकाच वर्षाच्या नोंदी होत्या, तेथें आज शंभराहून अधिक वर्षांच्या आहेत. दोन्ही पक्ष त्या प्रमाण मानतात. त्यांतील कोणतीं वर्षें धरावयाचीं, एवढाच वाद आहे.